सुरक्षाविषयक उच्च शिक्षण : निवड कशी करावी?

(संस्थेच्या पदवीधर विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शन मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



डॉक्टर, इंजिनिअर, वकील आणि शिक्षक या चार वाटांविषयी अशा मेळाव्यांतून पुष्कळदा बोलले जाते. आज माझ्याकडे आलेला विषय त्या मानाने अपरिचित आहे. बी.ए. किंवा बी.एस्सी. झाल्यावर 'सिक्युरिटी स्टडीज', म्हणजे सुरक्षाविषयक अभ्यास, या विषयात एम.ए. करावयाचे असेल तर विद्यापीठ व अभ्यासक्रम कसा निवडावा, असा प्रश्न काही विद्यार्थ्यांनी लेखी विचारला होता. प्रश्न विचारणाऱ्यांत मुलींची संख्या अधिक होती, ही गोष्ट मला विशेष वाटली. जे सभागृहात नव्हते आणि आता ही स्मरणिका हातात घेऊन वाचत आहेत, त्यांनाही हे उपयोगी पडावे म्हणून भाषण फारसे न बदलता छापावयास दिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सुरक्षाविषयक अभ्यास म्हणजे सैन्यात जाण्याची तयारी नव्हे. सैन्यात अधिकारी व्हावयाचे असेल तर त्याची दारे वेगळी आहेत : बारावीनंतर एन.डी.ए., पदवीनंतर सी.डी.एस. आणि हवाई दलासाठी ॲफकॅट. यांपैकी एकाही परीक्षेला या विषयातील एम.ए. लागत नाही. उलट सी.डी.एस.मधून डेहराडूनच्या भारतीय सैनिकी अकादमीत जाण्यासाठी वयाची मर्यादा साधारण २४ वर्षांची आहे. एम.ए.ची दोन वर्षे संपेतो ती हातची निघून जाते. तेव्हा ज्याचे मन गणवेशात आहे त्याने एम.ए.च्या वर्गात बसून वेळ दवडू नये, आजच परीक्षेचा अर्ज भरावा. मुलींसाठीही एन.डी.ए.चे दार २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले आहे आणि त्यांची पहिली तुकडी २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडली, हेही जाता जाता सांगतो.

मग हा विषय आहे तरी कशाचा? व्याख्येत शिरण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. १४ डिसेंबर २०२३ रोजी अरबी समुद्रात 'रुएन' नावाचे मालवाहू जहाज सोमाली चाच्यांनी पळविले. जहाजावर माल्टाचे निशाण, मालक बल्गेरियातील, खलाशी बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोला या देशांचे. तीन महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, भारतीय नौदलाने सुमारे ४० तासांची मोहीम करून ते सोडविले. १७ खलाशी सुखरूप सुटले आणि ३५ चाचे शरण आले. 'आय.एन.एस. कोलकाता' या युद्धनौकेने त्या ३५ जणांना मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन केले. वर्तमानपत्रांत ही बातमी शौर्याची म्हणून आली आणि ती तशी होतीही. परंतु सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्याचे काम येथून पुढे सुरू होते.

किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर, दुसऱ्या देशाचे निशाण असलेल्या जहाजावर पकडलेल्या परदेशी माणसांवर मुंबईत खटला कोणत्या कायद्याने चालवावयाचा? पूर्वी पकडलेल्या सोमाली चाच्यांचे खटले मुंबईत चालले तेव्हा चाचेगिरीसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नव्हता. तो २०२२ मध्ये झाला. चाचेगिरी काही वर्षे थंडावली होती ती नेमकी त्याच सुमारास पुन्हा का उफाळली? नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा अनेक जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घातला आणि नौदलांचे लक्षही तिकडे ओढले गेले. त्याचा आणि याचा संबंध कितपत? लंडनच्या विमा बाजारात 'जॉइंट वॉर कमिटी' नावाची समिती धोक्याच्या समुद्रांची यादी करते. त्या यादीत नाव आले की जहाजमालकाला युद्धजोखमीचा जादा हप्ता भरावा लागतो. तो हप्ता शेवटी कोणाच्या खिशातून जातो? आणि ज्या खलाश्याला त्या समुद्रातून जावयाचे आहे त्याला नकार देण्याचा हक्क आहे काय?

हे प्रश्न परक्यांचे नाहीत. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील कितीतरी घरांतील कर्ता माणूस जहाजावर किंवा आखाती देशात असतो. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून २०२४ मध्ये जगाच्या तेलवापराच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके तेल गेले. तेथे काही बिनसले की तिकडून येणारा मनिऑर्डरीचा, आता बँकेतून येणारा, पैसा अडतो हे त्या घरातील म्हातारी बाईसुद्धा जाणते. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर 'कुबेर' ही मच्छिमार बोट बळकावून समुद्रमार्गे मुंबईत आले. त्यानंतर किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छिमारांना ओळखपत्रे मिळाली, बोटींवर राज्यनिहाय रंग आले. या व्यवस्थेचा मच्छिमाराला आधार किती आणि जाच किती, हे त्याच्या होडीत बसून विचारणारे फार थोडे निघाले. मुरुडचा जंजिरा आणि मराठ्यांचे आरमार ज्या किनाऱ्यावर एकमेकांसमोर उभे होते, त्या किनाऱ्यावरील मुलांना समुद्राची सुरक्षा ही पुस्तकी गोष्ट वाटू नये.

एवढे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, अभ्यासक्रमाची निवड विद्यापीठाच्या नावापासून सुरू करू नये. ती तुमच्या प्रश्नापासून सुरू करावी. 'मला सुरक्षेत रस आहे' हे वाक्य कोणत्याही प्राध्यापकाला काहीच सांगत नाही. 'किनारी सुरक्षेच्या नव्या नियमांचा मच्छिमारीवर काय परिणाम झाला, ते मला शोधावयाचे आहे' हे वाक्य पुष्कळ सांगते. असा प्रश्न अद्याप तुमच्यापाशी नसेल तर घाई करू नका. सहा महिने वाचन करा. तो सापडल्याशिवाय लाखो रुपयांचा अर्ज भरणे म्हणजे आजार न सांगता औषध मागण्यासारखे आहे.

या विषयाचा इतिहासही हेच सांगतो. पूर्वी याला लष्करी अभ्यास किंवा संरक्षणशास्त्र म्हणत. रणनीती, शस्त्रे, सीमा एवढाच त्याचा पसारा होता. १९८३ मध्ये बॅरी बुझान यांनी सुरक्षेची कल्पना राजकीय, आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणीय क्षेत्रांपर्यंत नेली. १९९४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालाने 'मानवी सुरक्षा' हा शब्द रूढ केला. त्या अहवालामागे महबूब उल हक हे अर्थतज्ज्ञ होते. पुढे अमर्त्य सेन आणि सादाको ओगाता यांच्या आयोगाने २००३ मध्ये तोच विचार वाढविला. साहजिकच आज एकाच नावाखाली निरनिराळ्या विद्यापीठांत अगदी निराळा माल मिळतो. एकीकडे अण्वस्त्रे आणि युद्धनीती, दुसरीकडे निर्वासित आणि अन्नधान्य, तिसरीकडे पोलीस, सायबर गुन्हे आणि गुप्तवार्ता. पाटी वाचून आत शिरलात तर फसाल. प्रत्येक सत्राचे विषय आणि वाचनाची यादी मागवून घ्या.

आणि आणखी एक गंमत पाहा. या विषयात ज्यांची नावे मोठी झाली, त्यांच्यापैकी अनेकांनी हा विषय शिकलेलाच नव्हता. थॉमस शेलिंग अर्थशास्त्रज्ञ होते. अण्वस्त्रयुगातील धाक आणि वाटाघाट यांवरील त्यांचे पुस्तक १९६० मध्ये आले आणि २००५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील युद्धशास्त्र विभाग उभारणारे मायकेल हॉवर्ड इतिहासकार होते. आपल्याकडील के. सुब्रह्मण्यम यांनी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले, मग ते आय.ए.एस.मध्ये गेले, दिल्लीच्या संरक्षण अध्ययन संस्थेचे दोनदा संचालक झाले आणि कारगिल युद्धानंतर १९९९ च्या पुनरावलोकन समितीचे अध्यक्ष झाले. म्हणजे ज्याच्या हाती आधी एखादे पक्के हत्यार असते, मग ते अर्थशास्त्र असो, कायदा, इतिहास, संख्याशास्त्र वा परकी भाषा असो, त्याला सुरक्षेचा अभ्यास फळतो. ज्याच्या हाती काही नसते त्याला केवळ वर्तमानपत्री चर्चा करता येते. एखाद्याने एलएल.एम. करून सागरी कायदा हा विषय घेतला, तर तो सुरक्षेच्या क्षेत्रात एम.ए.वाल्याच्या पुढे जाऊ शकेल असे माझे स्पष्ट मत आहे.

भाषेविषयी थोडे अधिक बोलतो, कारण येथे बसलेल्या अनेकांच्या पदरात ही पुंजी अर्धी पडलेली आहे आणि तिची त्यांना जाणीव नाही. ज्याला उर्दू चांगली येते त्याला फारसी लिपी परकी नसते, आणि शेकडो शब्दही ओळखीचे असतात. दोन वर्षे मनापासून मेहनत केली तर इराणमधील वर्तमानपत्र वाचता येऊ लागते. अरबीचे मात्र निराळे आहे. लहानपणी कुराण वाचावयास शिकलो म्हणजे अरबी आली, असे समजू नये. लिपी आणि उच्चार आले, ही सुरुवात झाली. आजच्या बातम्यांची अरबी वेगळी शिकावी लागते. मुंबई विद्यापीठात अरबी आणि फारसी या दोन्ही भाषांचे विभाग आहेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी अशा भाषांचे वर्ग चालतात. पश्चिम आशियावर इंग्रजीतून लिहिणारे शेकड्यांनी आहेत. मूळ कागद वाचून लिहिणारे आपल्या देशात थोडे आहेत. एखादा अभ्यासक्रम तुम्हाला भाषा शिकवीत नसेल आणि शिकण्यास सवडही देत नसेल, तर त्याच्या खात्यात तेवढे गुण कमी धरा.

आता देशातील संस्थांकडे वळू. आपल्या सर्वांत जवळ पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे. पुण्याभोवती एन.डी.ए., दक्षिण कमांडचे मुख्यालय, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्था असल्याने आणि निवृत्त अधिकारी तेथे पुष्कळ राहत असल्याने वर्गाबाहेरही शिकावयास मिळते. अर्थात त्यासाठी त्यांच्यापर्यंत तुम्ही स्वतः गेले पाहिजे. मद्रास विद्यापीठातही जुना विभाग आहे, आणि वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात शिकणाऱ्या अधिकाऱ्यांना त्याच विद्यापीठाची एम.एस्सी. मिळते. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची आंतरराष्ट्रीय अभ्यासाची शाखा आहे. ती १९५५ मध्ये स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७० मध्ये विद्यापीठात विलीन झाली. पश्चिम आशिया, मध्य आशिया, पूर्व आशिया अशी प्रदेशवार केंद्रे आणि त्याच आवारात परकीय भाषांची शाखा, हे तिचे मोठे बळ. जामिया मिलियामध्ये २००४ साली नेल्सन मंडेला केंद्र निघाले. तेथे संघर्षाचे विश्लेषण आणि शांतता हा एम.ए.चा विषय आहे. गुजरातमध्ये गांधीनगरजवळ राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाले. त्याचा रोख पोलीस आणि अंतर्गत सुरक्षेकडे अधिक आहे.

यांपैकी सरकारी विद्यापीठांची फी परदेशाच्या मानाने नगण्य आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. येथून एम.ए. करणाऱ्याला यू.जी.सी.च्या नेट परीक्षेत संरक्षण व सामरिक अभ्यास हा स्वतंत्र विषय घेता येतो आणि फेलोशिप मिळाली तर पीएच.डी.चा खर्च निघतो. परंतु खोटी आशा दाखविणे बरे नव्हे. महाराष्ट्रात या विषयाच्या कायम प्राध्यापकांच्या जागा थोड्या आहेत आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारे गुणी लोक मी पाहिले आहेत. केवळ प्राध्यापकीवर नजर ठेवून हा विषय घेऊ नये.

परदेशाचा मोह मोठा, आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे असेही नाही. किंग्ज कॉलेजचा युद्धशास्त्र विभाग जगात नावाजलेला आहे. तेथे दीर्घकाळ शिकविणारे लॉरेन्स फ्रीडमन हे इराक युद्धाची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश समितीचे सदस्य होते. सिंगापूरला १९९६ मध्ये निघालेली आणि २००७ पासून राजरत्नम यांच्या नावाने चालणारी संस्था मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी बसून आशियाचा आणि समुद्राचा अभ्यास करते. माझा कोणी भाचा वा पुतण्या समुद्राचा प्रश्न घेऊन आला असता तर मी त्याला वॉशिंग्टनच्या आधी सिंगापूर सुचविले असते. ग्लासगो, डब्लिन, ट्रेन्टो आणि प्राग येथील विद्यापीठे मिळून इरास्मस योजनेखाली एक दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालवितात. त्यात निवडक विद्यार्थ्यांना फी आणि दरमहा निर्वाहभत्ता मिळतो. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचा सुरक्षा अभ्यासक्रम सर्वांना ठाऊक आहे.

येथे मात्र एक गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात ठळक छापलेली नसते, ती सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. जॉर्जटाउनसारख्या ठिकाणी पुष्कळ वर्ग संध्याकाळी भरतात, कारण शेजारी बसलेले कित्येक विद्यार्थी दिवसा सरकारी खात्यात, संरक्षण कंपनीत वा संसद सदस्याच्या कचेरीत काम करतात. त्यांच्यासाठी ती पदवी म्हणजे बढतीची शिडी. पण गोपनीय कागद हाताळण्याची परवानगी तेथे नागरिकांनाच मिळते. ब्रिटनच्या गुप्तचर संस्थाही ब्रिटिश नागरिकच घेतात. म्हणजे तोच वर्ग, तेच प्राध्यापक, तेवढीच किंबहुना अधिक फी, आणि पदवीनंतर शेजाऱ्यासाठी उघडणारी निम्म्याहून अधिक दारे तुमच्यासाठी बंद. यात कोणाचा अन्याय नाही. आपला देशही परक्याला आपल्या संरक्षण खात्यात बसविणार नाही. कॉम्प्युटरचे शिक्षण घेऊन अमेरिकेत राहिलेल्या शेजाऱ्याच्या मुलाचा हिशेब या विषयाला लावू नका, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून प्रत्येक अभ्यासक्रमाच्या कचेरीला पत्र लिहून एक प्रश्न अवश्य विचारा : गेल्या तीन वर्षांत तुमच्याकडून पदवी घेतलेले भारतीय विद्यार्थी आज कोठे काम करतात? 'आमचे विद्यार्थी' नव्हे, 'भारतीय विद्यार्थी'. उत्तर मोघम आले किंवा आलेच नाही, तर तेही उत्तरच समजावे. त्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकदोघांशी प्रत्यक्ष बोला. जहाज कंपन्या, विमा कंपन्या, निर्बंधांचे नियम सांभाळणारे बँकांचे विभाग, विमान कंपन्या, वृत्तपत्रे आणि संशोधन संस्था अशा ठिकाणी या विद्येला गिऱ्हाईक आहे. गुरुग्रामला नौदलाने २०१८ मध्ये हिंदी महासागरासाठी माहिती केंद्र उघडले, तेव्हापासून समुद्री माहितीच्या विश्लेषणाला आपल्याकडेही महत्त्व आले. ही दारे नागरिकत्वावर तितकी अडत नाहीत. पण ती पदवीच्या नावाने नव्हे, लिहिण्याच्या, आकडे वाचण्याच्या आणि भाषेच्या कसबाने उघडतात.

पैशाचा हिशेब स्पष्ट मांडला पाहिजे. लंडनमधील एका वर्षाची फी आणि राहणे मिळून ४० लाखांच्या पुढे सहज जाते. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांच्या वर गेले की तारण मागतात, आणि आपल्या घरांत तारण म्हणजे राहते घर किंवा वडिलांची जमीन. व्याजाच्या कर्जाविषयी काही घरांत धार्मिक अडचणही असते. तो ज्या त्या घराचा प्रश्न आहे, पण तो प्रवेशाचे पत्र आल्यावर नव्हे, अर्ज भरण्याआधी बोलून घ्यावा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात सवलत देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. जुन्या पत्रकांवर विसंबून कोणी तिचा हिशेब धरू नये. सुरक्षाविषयक एम.ए.साठी घर गहाण टाकू नका, असे मी स्पष्ट सांगतो. वैद्यकीय पदवीमागे निदान ठरलेली कमाई असते. येथे ती ठरलेली नाही.

शिष्यवृत्ती मिळाली तर अवश्य जा. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च देते. तिला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. ही अट मला आवडते, कारण ती विद्यार्थ्याला आधीच विचार करावयास लावते की परत येऊन मी काय करणार. ब्रिटनमधील एक वर्षाची एम.ए. आपल्याकडे चालते काय, ही शंका पूर्वी रास्त होती. जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांत पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला आणि त्यात ही एक वर्षाची पदवी धरली आहे. अन्य देशांच्या एक वर्षाच्या पदवीबद्दल मात्र आधी चौकशी करून घ्या.

माझा सल्ला बहुतेकांसाठी असा राहील : प्रथम देशातच एम.ए. करा, त्याबरोबर एक भाषा शिका, दोनतीन वर्षे काम करा, एखादा चांगला लेख छापून आणा, आणि मग शिष्यवृत्तीवर बाहेर जा. त्या वयात तुम्ही वर्गात प्रश्न विचारणारे असाल. बाविसाव्या वर्षी गेलात तर बहुधा ऐकणारे व्हाल. अमेरिकेतील चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.चा खर्च विद्यापीठ करते आणि एम.ए.चा सहसा करीत नाही, हाही फरक लक्षात ठेवा. ज्याला संशोधकच व्हावयाचे आहे त्याने मधली महागडी पायरी गाळण्याचा विचार करावा.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे, परंतु तो टाळला तर बोलणे अपुरे राहील. मे २००८ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठात एम.ए. करणाऱ्या एका मुस्लिम विद्यार्थ्याला दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. अल कायदासंबंधी संशोधनासाठी त्याने एक पुस्तिका संगणकावर उतरवून घेतली होती. ती अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संकेतस्थळावर उघडपणे उपलब्ध होती. जवळजवळ आठवडाभर कोठडीत ठेवून, कोणताही आरोप न ठेवता त्याला सोडले. २०११ मध्ये पोलिसांनी त्याला २० हजार पौंड देऊन दावा मिटविला. पैसे मिळाले, पण त्या सहासात दिवसांचे मोल कोण करणार?

यावरून हा विषयच नको, असे पालकांनी म्हणू नये. यावरून अभ्यासक्रमाला विचारण्याचा आणखी एक प्रश्न निघतो : संवेदनशील साहित्य हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठ लेखी परवानगी देते काय? ते साहित्य ठेवण्याची सुरक्षित व्यवस्था आहे काय? अडचण आल्यास मार्गदर्शक प्राध्यापक पुढे उभा राहतो काय? ज्या विभागात याची नियमावली तयार असते तो विभाग विद्यार्थ्याची काळजी घेतो असे समजावे. आपल्या देशातही मार्गदर्शकाच्या लेखी संमतीवाचून असले साहित्य स्वतःच्या फोनवर वा संगणकावर कधीही उतरवू नका. संशोधनाचा विषय, तारीख आणि मार्गदर्शकाची सही असलेले पत्र जवळ ठेवा.

आणि तुम्ही मुसलमान आहात म्हणून तुम्ही दहशतवादावरच प्रबंध लिहावा, अशी एक न बोललेली अपेक्षा परिषदांतून आणि कधी कधी वर्गातूनही असते. इच्छा असेल तर जरूर लिहा. पण पाणबुड्या, अणुकरार, नद्यांचे पाणी, अन्नधान्याचा साठा, समुद्राखालून जाणाऱ्या तारा, यांवर लिहिण्याचा तुमचा हक्क इतर कोणाइतकाच आहे. मुलींना तर हमखास 'स्त्रिया आणि शांतता' हा विषय देऊ केला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या १३२५ क्रमांकाच्या ठरावापासून तो विषय महत्त्वाचा झाला आहे यात शंका नाही. तरी एखादीला क्षेपणास्त्रांचे गणित आवडत असेल तर तिच्या हातातून ते काढून घेऊ नये. प्रवेश घेण्यापूर्वी त्या विभागातील आधीच्या प्रबंधांची यादी मागवा. कोणाला कोणते विषय मिळाले, हे त्या यादीत दिसते.

वेळेचे सांगतो आणि थांबतो. चेव्हनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीस बंद होतात, इरास्मसचे हिवाळ्यात. दिल्लीच्या केंद्रीय विद्यापीठांसाठी पदव्युत्तर सी.यू.ई.टी. परीक्षेचा अर्ज त्याच सुमारास भरावा लागतो. पुण्याचा प्रवेश उन्हाळ्यात असतो. नेट वर्षातून दोनदा होते. तारखा दरवर्षी बदलतात म्हणून त्या मूळ जाहिरातीतच पाहाव्यात, कोणा दलालाच्या कार्डावर नव्हे. शिफारसपत्रासाठी आपल्या प्राध्यापकांना निदान दीड महिना आधी भेटा आणि जाताना आपला प्रश्न एका कागदावर, आपल्या हाताने, पाच ओळींत लिहून न्या.